सुवाच्य अक्षरातली यादी

लोक मला अजून विचारतात, मनोरच्या आतल्या पाड्यांवर तुम्ही एवढं काम उभं केलं होतं, त्याचं पुढे काय झालं? मी सांगते, माझी बदली झाली. ते खोटं नाही. पण काम कशाने मोडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते मीच मोडलं. दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं तर केव्हाच ढकललं असतं, न ढकलण्याइतकी मी साधी नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी माकुणसारची, समुद्राकडची मुलगी. नर्सिंगचा कोर्स झाला आणि डोंगराकडच्या एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत टेबल, तपासणीची खाट आणि रजिस्टरं. माझ्याकडे आठ पाडे. त्यांतला सगळ्यात लांबचा दीड तासाच्या चालीवर, आणि ही गोष्ट त्या पाड्याची. पहिलं वर्षभर मी तिथे पोचायची तेव्हा घराघरात चूल पेटलेली असायची, पण माणूस नसायचं. पांढरी साडी टेकाडावर दिसली की बायका पोरं काखेत मारून रानात जायच्या. आणीबाणीत तिथल्या पुरुषांना जीपगाडीत घालून नसबंदीला नेलं होतं. ते विसरायला माझ्या गोड बोलण्याचा काय उपयोग होणार होता? मी रिकाम्या घरांसमोर उभी राहून रजिस्टरात ‘भेट दिली’ लिहायची आणि परत फिरायची.

त्या पाड्यावर फक्त एक बाई पळायची नाही. ती सुईण होती. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने वाळकी, गुडघ्यापर्यंत लुगडं, आणि समोरच्याकडे बघायची ती थेट डोळ्यांत. पाड्यावर सगळेच सगळ्यांना ‘तू’ म्हणायचे, तलाठ्यालाही आणि डॉक्टरांनाही, तसं तिने मला पहिल्याच दिवशी ‘तू’ म्हटलं.

“अशी उबी रायलीस तं कोन बोलल तुज्याशी? खाली बस,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मावशी, माझी साडी मळेल.”

“मंग जा घरा.”

मी बसले. त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. सासू समोर असताना सुनेला तिचं दुखणं विचारायचं नाही. गरोदर बाईला ‘कितवा महिना’ असं तोंडावर विचारायचं नाही, दृष्ट लागते. भात लावणीच्या दिवसांत पाड्यावर यायचंच नाही, आलीस तर हातात रोप घ्यायचं. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो आणि शिमग्याला परत येतो, तेव्हा पोरांच्या लसी त्या हिशोबाने आणायच्या. हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. वरून परिपत्रकं यायची की लोकांची क्षमता वाढवा. इथे क्षमता वाढत होती ती माझी.

पुढे सुईणींचं प्रशिक्षण निघालं. आरोग्य केंद्रात दहा जणी जमवल्या, प्रत्येकीला ॲल्युमिनियमची पेटी दिली. पेटीत नाळ कापायला नवं पातं, दोरा, साबण, प्लास्टिकचा तुकडा. डॉक्टर म्हणाले, पातं वीस मिनिटं उकळायचं. नऊ जणींनी माना डोलावल्या. आमची ही म्हणाली, “ईस मिन्टा म्हंजे किती?” डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ती खो खो हसली आणि तिच्यामागे बाकीच्या नऊ जणीही. मला त्या डॉक्टरांचा राग आला आणि स्वतःचाही, कारण हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्या आठवड्यात मी तिच्या घरी चुलीपाशी जाऊन बसले. पाण्याला उकळी फुटल्यावर तिला म्हटलं, तू तुझं रोजचं काम कर. तिने सूपभर तांदूळ निवडायला घेतले. निवडून झाले तेव्हा माझ्या घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. मग आम्ही तसंच ठरवलं. उकळी आल्यापासून एक सूप तांदूळ निवडून होईतो पातं पाण्यात. तिने ते बाकीच्या सुईणींना सांगितलं, त्यांनी आपापल्या पाड्यांवर. जन्मल्यावर आठवड्याच्या आत धनुर्वाताने आखडून जाणारी पोरं दोन वर्षांत दिसेनाशी झाली. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. सूप तिचं, तांदूळ तिचे, पण अभिमान माझा.

तिची बाळंतपणं मी पाहिली आहेत. कळा येऊनही मूल सरकेना की ती घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडायला लावायची, बाईचे केस मोकळे सोडायची, कमरेचा करगोटा सोडायची. आणि मग तिच्या कानाशी लागून म्हणायची, “पोटातला बोल. काय ठेवलास मनात ता बोल, मंग पोर सुटल.” बाई बोलायची. सासूने काय केलं, नवऱ्याने कुठे मारलं, कुणावर जीव होता, पोर कुणाचं. कण्हता कण्हता सगळं बाहेर यायचं. मी अर्धवट ऐकून लाजायची. सुईण फक्त “हां, हां” करत पाठ चोळायची. पाचव्या दिवशी पाचवी पूजून तिचा मान घेऊन ती घरी जायची, आणि ऐकलेल्यातला एक शब्द कधी तिच्या तोंडून निघायचा नाही. त्या पाड्यावरची निम्मी भांडणं तिला आधीपासून ठाऊक असत आणि पंच बसले की ती कोपऱ्यात मुकाट असे. तिचा धंदा हातांवर चालत नव्हता, तोंड मिटून ठेवण्यावर चालत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तांबीचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून बसवायच्या कॉपर-टीचं, काम तिच्यामुळेच सुरू झालं. पाड्यावर एक पोरगी होती, विशीतली, पाच वर्षांत चार बाळंतपणं, त्यातली दोनच जगलेली. ओठ पांढरे, चालताना भिंत धरायची. सुईण एकदा तिला घेऊन आपणहून उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, “हिला आता पाचवा झाला तं ती मरल. तुज्याकडं ती तांबी हाय ना, ती बसव.”

“नवऱ्याला विचारलं का?”

“ईचारला आसता तं मी आली आसती का?”

तांबीला नवऱ्याचा अंगठा लागत नसे. पण पाड्यावर समज होता की तांबी छातीत चढते, आणि सरकारने बाईच्या पोटात काही घातलं की त्या घराचा वंश खुंटला. पुरुषांनी आणि म्हाताऱ्यांनी ऐकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून ठरलं ते असं. मनोरच्या बाजाराच्या दिवशी सुईण एकदोन जणींना घेऊन निघायची, बाजाराला म्हणून. वाटेत उपकेंद्र. मी तांबी बसवायची, त्या मीठमिरची, सुके बोंबील घेऊन परत जायच्या. दर वेळी सुईण दारात वळून एकच सांगायची, “कोनाला कलला नाय पायजे, बाय.” आणि दर वेळी मी म्हणायची, “माझ्यावर विश्वास नाही का मावशी?”

दोन वर्षांत अशा अकरा जणी झाल्या. जबरदस्ती नाही, आमिष नाही, एकीने दुसरीला सांगून त्या आल्या. मी ते काम रजिस्टरात लिहिलं, कारण लिहायलाच हवं होतं. रजिस्टर कपाटात राहतं, पाड्यावर जात नाही, असं मी मनाला सांगितलं.

त्याच सुमारास शेजारच्या उपकेंद्राचं बिंग फुटलं. तिथल्या बाईंनी कुटुंबनियोजनाचं टार्गेट भरण्यासाठी मेलेल्या बायकांची नावं लिहिली होती, एक तर म्हणे कधी जन्मलीच नव्हती. तालुक्याला हाहाकार झाला. मासिक बैठकीत साहेब गरजले, “एक तरी खरी केस दाखवा मला!” मी उठून उभी राहिले. वाटतं की त्या वेळी बाकाला पाय अडकून पडले असते तर बरं झालं असतं. मी सांगितलं, माझ्याकडे अकरा खऱ्या केसेस आहेत, आणि सगळं श्रेय एका अशिक्षित सुईणीचं आहे, तिचा सत्कार व्हावा. साहेब खूश झाले. म्हणाले, सत्कार पाड्यावरच करू, लोकांसमोर. नावांची यादी पाठवा.

माझी नियत वाईट नव्हती, तिला मान मिळावा असं मनापासून वाटत होतं. पण तेवढंच नव्हतं. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मला केळवे-माकुणसारच्या बाजूला बदली हवी होती. साहेबांच्या डोळ्यांत भरलं की बदली होते, हे खात्यात शेंबड्या पोरालाही माहीत. मी कोऱ्या फुलस्केपवर यादी केली. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, पाडा, तारीख. अक्षर माझं पहिल्यापासून मोत्यासारखं. खाली लाल शाईने रेघ मारली.

सुईणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मना मान नको. कशापायी?”

मी म्हटलं, “बाळंतपणाच्या कामाचा आहे मावशी. पात्याचा, साबणाचा. सगळ्या पाड्याला बरं वाटेल.”

ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “तू म्हनतस तं घेन.”

शिमगा झाल्यावर आठवड्याने जीप आली. ज्या पाड्यातून जीपने माणसं उचलली होती त्याच पाड्यात मी जीप आणवली, आणि तेव्हा मला त्यात काही गैर दिसलं नाही. भट्टीवरून परतलेला सगळा पाडा आंब्याखाली बसला होता. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला. सुईणीला खुर्चीवर बसवलं. आयुष्यात ती बहुधा पहिल्यांदा खुर्चीवर बसत होती, नुसती कडेला टेकली होती. साडी, नारळ, हार झाला. फोटोग्राफर नव्हता याबद्दल साहेबांनी कंपाउंडरला झापलं. मग ते बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता खिशातून माझा फुलस्केप काढला.

“ह्या पाड्यात बोगस काम नाही,” ते म्हणाले. “खऱ्या भगिनींनी स्वखुशीने तांबी बसवून घेतली आहे. मी नाव घेईन, तिने उभं राहायचं, आपण टाळ्या वाजवायच्या.”

त्यांनी पहिलं नाव वाचलं, नवऱ्याच्या नावासकट. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं, मोठ्याने. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. कागद हिसकावता आला असता. ‘साहेब, पुरे’ एवढं तरी म्हणता आलं असतं. चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं, तेवढं तर कुठल्याही नर्सला येतं. मी पदर सारखा केला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात बदलीचा अर्ज होता.

तिसऱ्या नावाला सुईणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौथं नाव त्या पांढऱ्या ओठांच्या पोरीचं होतं. ती उठली. सरकार नाव घेतंय म्हणजे उठायला हवं, एवढंच तिला कळलं असेल. ती उठली तशा इतरही एकेक करून उठल्या, खाली माना घालून, गुन्हेगारांसारख्या. समोर त्यांचे नवरे बसले होते, सासवा बसल्या होत्या. टाळ्या आम्ही खात्याच्या माणसांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या. सुईणीने गळ्यातला हार काढला, साडीवर ठेवला, साडी नारळासकट खुर्चीवर ठेवली आणि घराकडे चालू लागली. साहेब म्हणाले, “लाजल्या वाटतं आजीबाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उपकेंद्रावर रांग लागली. नवरे बायकांना दंडाला धरून घेऊन येत होते. एकीचा ओठ फाटला होता, एकीच्या कानातून ओघळलेलं रक्त सुकलं होतं. “काड ती,” एवढंच पुरुष म्हणायचे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी नऊ तांब्या काढल्या. उरलेल्या दोघींतली एक माहेरी पळाली, दुसरीला सासरच्यांनी माहेरी टाकलं. त्या नऊ जणी खाटेवर पडून छताकडे बघायच्या, माझ्याकडे एकीनेही बघितलं नाही. मी हात धुवायची आणि पुढचीला आत घ्यायची.

सुईणीला मारलं नाही कुणी. मारलं असतं तर चार दिवसांनी विसरले असते. तिला बोलवायचं बंद केलं. जिने पोटातलं सरकारला सांगितलं तिला बाळंतिणीजवळ कशी येऊ द्यायची? मी पाड्यावर जाऊन ओरडून सांगितलं की तिने नाही, मी सांगितलं. कुणाला फरक पडला नाही. माझ्याकडून त्यांनी दुसरी कसली अपेक्षाच केली नव्हती. ओढ्यापलीकडच्या एका म्हातारीला बोलावू लागले. तिच्याजवळ विळा होता, आणि नाळेवर लावायला चुलीतली राख.

त्या पांढऱ्या ओठांच्या पोरीला पुढच्या वर्षी पाचवं मूल व्हायची वेळ आली. सकाळी कळा सुरू झाल्या. तिचं घर सुईणीच्या घरापासून पाच-सहा घरं सोडून. सुईण तिच्या अंगणात उभी होती, पातं उकळून, साबण घेऊन. नंतर शेजारणीने मला सांगितलं की ओरडणं ऐकून ती दोनदा त्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा सासूने तिला हाकललं. दुपारी पोरीला झोळीत घालून खाली आणलं तेव्हा उपकेंद्राच्या ओट्यावरच ती गेली. माझ्याजवळ सलाईनची एकच बाटली होती, ती लावायला शीर सापडली नाही. रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. मी ‘रक्तस्राव’ लिहिलं. अक्षर जराही बिघडलं नाही, आणि त्या अक्षराची मला किळस आली.

जूनमध्ये मला हवी ती बदली मिळाली. गेल्या वर्षीच्या कामाबद्दल शेराही चांगला होता. निघण्याआधी पाड्यावर जाऊन यावं असं ठरवलं आणि गेले नाही. जमलं नाही, असं मी नवऱ्याला सांगत आले. भ्याले, हे खरं.

नव्वदच्या दशकात फिरत फिरत मी बोईसरला आले. आता औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या चाळी माझ्या वाट्याला होत्या, सरावलीच्या बाजूला. वाऱ्याची दिशा फिरली की घशात रसायन उतरायचं. उत्तरेकडून आलेली कुटुंबं, दहा बाय दहाच्या खोल्या, हिंदीत बोलायचं. आणि वरून नवं परिपत्रक, लोकसहभाग वाढवा, वस्तीतल्या बायकांमधून आरोग्यसखी निवडा. मी दारोदार फिरले. “देखेंगे दीदी,” म्हणत दारं लोटली जायची. शेवटी एका बाईने सांगितलं, इथे सगळ्या जणी मागच्या चाळीतल्या दादीकडे जातात, तिला विचारा.

माझे डोळे चमकले. आयती बाई मिळाली, असं वाटलं. त्या एका गोष्टीतून मी काही म्हणता काही शिकले नव्हते.

दादी म्हणजे माझी सुईण. मुलगा कारखान्यात हेल्पर म्हणून लागला होता, त्याच्याबरोबर ती आली होती. केस पिकले होते, तीच थेट नजर. तिने मला लगेच ओळखलं. आत घेतलं, बसायला पाट दिला, चहा ठेवला. मी तिच्या पायांवर हात ठेवून जे इतक्या वर्षांत बोलायचं राहिलं होतं ते बोलले. बदलीचा अर्ज, लग्न, साहेब, सगळं. ती मधूनमधून “हां, हां” म्हणत ऐकत होती. माझं रडून झाल्यावर म्हणाली, “तू वाईट नाय, बाय. पन तुज्याजवल कागद हाय. तो हाय तवर तू काय करशील?”

मी नाक पुसलं आणि, लाज वाटते सांगायला, तेवढ्यात तिला आरोग्यसखीचं विचारलं. म्हटलं, इथल्या बायका तुझं ऐकतात, तुझं नाव वर पाठवते. तिने चहा माझ्या पुढ्यात सरकवला.

इतक्यात दारात एक बाई आली, कोवळी, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. “दादी, थोड़ी बात करनी थी,” म्हणाली आणि माझी पांढरी साडी बघून उंबऱ्यातच थबकली. तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. सुईण उठली, त्या बाईला हाताला धरून आत घेतलं आणि मला म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, “तू जरा भायेर बस, बाय.”

मी अर्धा कप चहा हातात घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसले. तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली.